जपून उचललेली बॅग

नाना,

तुमच्या तेराव्याला माणसं तुमच्या द्राक्षवेलीची काडी कलमासाठी मागायला आली, आणि मी ती कुणालाही नेऊ दिली नाही. येरमाळ्याच्या आत्या तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. गावातली माणसं मी जवळ आले की विषय बदलतात. हे सगळं तुम्हालाच सांगायला हवं. कारण ज्या प्रश्नामुळे हे घडलं त्याचं उत्तर फक्त तुमच्यापाशी होतं, आणि ते तुम्ही दिलं नाहीत.

मंडपात तुमच्याविषयी जे बोललं गेलं ते बहुतेक खरं होतं. आपल्या कोरडवाहू रानात द्राक्ष उभं राहू शकतं हे तुम्ही दाखवलंत. दारात आलेल्याला तुम्ही रिकाम्या हाताने पाठवलं नाहीत. भावाच्या मुलीने विज्ञान शिकावं म्हणून तुम्ही माझ्या वडिलांशी भांडलात. तुम्हाला मूलबाळ नव्हतं हे मला मोठी होईपर्यंत जाणवलंच नाही. कारण मी होते. यातल्या एकाही वाक्याला माझी हरकत नाही. म्हणूनच उरलेलं एक वाक्य उच्चारणं इतकं अवघड गेलं.

मी प्राथमिक शाळेत असताना ओढ्याकडच्या तुकड्यात तुमची डाळिंबाची बाग होती. बाहेरून कुठूनतरी स्वस्तात मिळालेली कलमं तुम्ही मोठ्या उत्साहाने लावली होती. फळं लिंबाएवढी झाली, त्यांच्यावर तेलकट काळे डाग उमटले आणि ती उलायला लागली. तेल्या. तुम्ही सगळ्या फवारण्या करून पाहिल्यात आणि शेवटी बाग खणून पेटवून दिलीत. मी बांधावर बसून पाहत होते. तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "रोग काय चालत येत न्हाय, स्नेहल. त्येला कुनीतरी हौसेनं घरी आनतं. ह्येला म्या आनला."

माझ्या सगळ्या शिक्षणातलं पहिलं वाक्य हे आहे. पुढे विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकताना जाडजूड ग्रंथांत हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिलं, आणि दरवेळी मला वाटलं, हे तर आमच्या नानांनी आधीच सांगितलंय.

त्यानंतर तुम्ही शेताच्या फाटकात सिमेंटची उथळ चौकट बांधलीत आणि तिच्यात चुना भरलात. आत येणाऱ्याने त्यात पाय बुडवूनच यायचं. कात्रीचाही नियम झाला: एक झाड छाटलं की कात्री औषधाच्या बादलीत बुडवायची, मगच दुसऱ्या झाडाला लावायची. मजूर कंटाळायचे, तुम्ही कंटाळला नाहीत. आत्यांच्या मुलीला पाहायला आपल्या घरी आलेली मंडळी बाग बघायला निघाली तेव्हा मुलाचे मामा चुन्यापाशी अडले. "पावनं म्हनून आलोय, का गुरं हाय आमी पाय धुवायला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोरगी घरात हाय, तिला बगायला काय बी नगं. बाग बगायची तर पाय बुडवा." मामांनी नवे बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी पाय चुन्यात बुडवले. लग्न जमलं. मुलीच्या आजोळी शिस्त आहे, असं त्यांनी जाताना म्हटल्याचं आत्या पुढे कौतुकाने सांगत.

मला नोकरी लागली तेव्हा नेमकं काम काय, हे तुम्हाला समजावून सांगताना मी अडखळत होते. परदेशातून येणारी रोपं, बियाणं, फळं, लाकूड तपासायचं. कीड किंवा रोग सापडला तर माल अडवायचा. तुम्ही मधेच थांबवून म्हणालात, "म्हंजे देशाच्या फाटकात चुना टाकनारी." माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. त्या दिवसापासून मी तुमची ‘सायबीण’ झाले.

आता भांडणाविषयी. ते न्यायाने मांडायला हवं, कारण तुमची बाजू पोकळ नव्हती.

लाल, लांबट, बिनबियांच्या नव्या जातींना परदेशी बाजारात मागणी असते. त्या जातींवर पैदासकारांचा हक्क असतो. त्या लावायच्या तर कंपनीशी करार हवा, आणि कंपनी करार करते ती मोठ्या बागायतदारांशी. आपल्यासारख्यांच्या वाट्याला जुनी जात आणि पडलेला भाव. दुसरा मार्ग सरकारी परवान्याने काडी आणण्याचा. ती बंदिस्त जागेत वाढवायची, काही हंगाम नजरेखाली ठेवायची, चाचण्या करायच्या आणि निर्दोष ठरली तरच सोडायची. तुम्ही म्हणायचात, "तुमी तिला बगत बसा. तवर बाजार निगून जातो. तुमचं खातं म्हंजे शिरमंतांचं फाटक."

मी म्हणायचे, "नाना, फाटक श्रीमंतांचं असेल तर ते सर्वांना उघडायला भांडू. पण मोडू नका. आपली द्राक्षं परदेशात जातात तेव्हा तेही आपल्या पेट्या उघडून पाहतातच ना? आपल्या मालावर विश्वास बसावा म्हणून आपण तपासणी सोसतो. मग त्यांची काडी आपण न तपासता कशी घेणार?"

"लई शिकवलं तुला म्या," तुम्ही हसत ताटावरून उठायचात, आणि वाद पुढच्या सुटीपर्यंत तसाच राहायचा. मला तो वाद आवडायचा. मला वाटायचं, आपण दोघं एकाच फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलतोय.

दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासदौऱ्याला तुम्ही निघालात तेव्हा गावापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. तिथे तेव्हा हिवाळा होता, छाटणीचा मोसम. तुम्ही फोनवर सांगत होतात, बागा किती देखण्या आहेत, माणसं किती मोकळी, बोलावून बोलावून दाखवतात. परत आलात त्या दिवशी मी रजा टाकून विमानतळाबाहेर तुम्हाला घ्यायला उभी होते. तुम्ही बाहेर आलात, मागे दत्ताभाऊ आणि दौऱ्यातली बाकीची मंडळी. मी वाकून नमस्कार केला आणि तुमची बॅग उचलली.

"हळू, पोरी," तुम्ही म्हणालात. "काकूसाठी काचंचं आनलंय. जपून धर."

मी ती दोन्ही हातांनी धरली आणि गाडीत आडवी न ठेवता उभी ठेवली. तुमच्या घरापर्यंतचा लांबचा रस्ता ती हलू नये म्हणून मी तिच्यावर हात ठेवून बसले होते. काकूंना काचेचं काहीच मिळालं नाही, हे मला त्यांनी नंतर कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

श्रावण सरता सरता तुम्ही फाटकाजवळच्या तुकड्यात रानवेलीच्या खुंटांवर नवी कलमं भरलीत. ही कोणती जात, असं मी विचारल्यावर तुम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नर्सरीचं नाव सांगितलंत. परवान्याची जात आहे, असंही म्हणालात. नाना, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतात. तेव्हा तपासणी करण्याचं मला काही कारण नव्हतं. तपासणी परक्या मालाची करतात.

आणि मग ती तुमची रीत. काडी विकायची नसते, असं तुम्ही मानायचात. कलमाच्या दिवसांत छाटून उरलेल्या चांगल्या काड्या तुम्ही ओल्या गोणपाटात बांधून, वर नारळ ठेवून सोयऱ्यांना द्यायचात. नव्या लाल जातीच्या काड्या पहिल्या वर्षानंतर अशाच गेल्या: येरमाळ्याला आत्यांकडे, काकूंच्या माहेरी, ज्याने मागितली त्याच्याकडे. तुम्ही विकली असती तर कदाचित इतकी पसरली नसती. तुमच्या चांगुलपणाने ती वाहून नेली.

तिसऱ्या हंगामात, काढणीच्या तोंडावर, मी सुटीला आले. तुम्ही मला हात धरून लाल तुकड्यात नेलंत. "बग, शालू नेसल्यावानी दिसतीय का न्हाय?"

पानं खरोखर लाल झाली होती. पण शिरा हिरव्याच होत्या आणि पानांच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या होत्या. घडांना रंग एकसारखा चढला नव्हता. एक मणी तोंडात टाकला, गोडी नव्हती. खोडाच्या सालीखाली पिठ्या ढेकूण दिसला, ही रस शोषणारी कीड आपल्याकडे असतेच, पण आता ती एका वेलीतून दुसऱ्या वेलीत काय नेत असेल, या विचाराने मी शेजारच्या खोडाची सालही सोलून पाहिली.

"नाना, हा लीफरोल वाटतोय. विषाणू आहे."

"मॅग्नेशियम कमी पडलंय. सोडलंय म्या ठिबकमदनं."

"मॅग्नेशियमने पानं अशी वळत नाहीत. आणि हा विषाणू असेल तर त्याला औषध नाही. वेल काढावीच लागते. मी देठ तपासायला नेते."

तुम्ही मोठ्याने हसलात. "बाग म्हातारी झाली का गं? आता तिची लगवी तपासनार व्हय?" मीही हसले. देठ ओल्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवताना तुम्ही डबा धरून उभे होतात. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, हे मी पाहिलं नाही. मी देठांकडे पाहत होते.

निकाल चैत्रात आला. मी फोन केला.

"यंत्र चुकत न्हाय का?" तुम्ही विचारलंत.

"चुकतं. म्हणून पुन्हा करून घेतलं. नाना, हा विषाणू काडीतूनच आला आहे. ज्यांना ज्यांना काडी दिली त्यांना सांगावं लागेल, आणि नर्सरीवाल्यालाही."

पाठीमागे काकूंचा कुकर शिट्ट्या देत होता. मग म्हणालात, "येशील तवा बोलू."

तुमच्याशी बोलणं होईपर्यंत मी सोयऱ्यांना काही कळवलं नाही. ते तुम्हीच सांगायला हवं, असं मला वाटलं. नर्सरीवाल्याशी मात्र मी बोलले. तुमच्या शब्दावर विसंबून मी त्या भल्या माणसाला फोनवर कडक भाषेत जाब विचारला. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, ही जात आमच्याकडं कधीच नव्हती. तुम्ही येऊन बघा." मी ठरवून टाकलं की तो खोटं बोलतोय. माझं तर्कशास्त्र निर्दोष होतं, नाना. दोघांपैकी एक खोटा, आणि त्यातले एक तुम्ही.

रजा लांबत गेली, श्रावण सरला, आणि मी ‘येईन तेव्हा’ आले ती तुमच्या अंत्ययात्रेला.

राख सावडायच्या दिवशी दत्ताभाऊ विहिरीजवळ माझ्याशी बोलायला आले. तुमचा दौऱ्यातला सोबती, गावातला दुसरा द्राक्षवाला. त्यांना वाटलं, मी दुःखी आहे, चार बऱ्या गोष्टी सांगाव्यात. "ताई, तुमच्यामुळं तर लाल जात आली गावात. आमी समदी भ्यायलो हुतो. तिथं छाटून टाकल्याल्या काड्या उचलल्या खऱ्या, पन इमानतळावर धरलं तर इज्जत जाईल. नाना म्हनले, द्या समद्यांच्या माज्याकडं. बाहेर आमची सायबीण हुबी हाय. ओल्या टावेलात गुंडाळल्या, वर कपडे. काय फिकीर न्हाय केली मानसानं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

ते हसले. आधी त्यांना वाटलं, मी सरकारी माणूस म्हणून तसं म्हणतेय. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. "आमाला वाटलं, तुमीच..."

म्हणजे इतके हंगाम त्या सगळ्या घरांत हीच समजूत होती: स्नेहल फाटकात आहे, म्हणून काडी आली. मी जे काम माझं संपूर्ण आयुष्य समजते, ते आपल्या गावात तुमच्या बॅगेच्या झाकणासारखं वापरलं गेलं होतं. कुणी चोरी करावी आणि मला फसवावं, हे मी समजू शकते. माझा पेशाच त्यावर उभा आहे. पण तुम्ही मला बाहेर उभं केलंत. बोलावून. रजा टाकून ये म्हणून तुम्हीच फोन केला होता, आठवतं? मला वाटलं, तुम्हाला मला भेटायची घाई झालीय.

मी त्या दिवशी नर्सरीवाल्यांना फोन केला आणि माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई. घरातलं माणूस गेलंय तुमचं."

तेराव्याला शेतातल्या घरापुढे मंडप घातला होता. जेवणं उरकली आणि आत्यांचे जावई ओली गोणपाटं घेऊन पुढे आले. "काकू, नानांची आठवन म्हनून लाल वेलीच्या काड्या द्या. पाऊस उघडला की कलम भरतो." लगेच दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "आमाला बी. नानांच्या हातचा वेल परत्येकाच्या रानात पायजे." माणसं गहिवरली होती. काकूंनी डोळे पुसले आणि कात्री हातात घेतली. "न्या की. त्येंनी कवा कुनाला न्हाय म्हनलंय?"

मी उठून उभी राहिले. "काडी द्यायची नाही."

मी सांगितलं: बागेत विषाणू आहे, चाचणी झाली आहे, आधी नेलेल्यांच्या बागाही तपासाव्या लागतील. दोन वाक्यांत संपवलं. मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

"काय सायबिनीचा कारभार गं!" आत्या म्हणाल्या. "मेल्याल्या मानसाच्या बागंला बी कुलूप? पानं लाल झालीत ती मॅग्नेशियमनं. दादानंच सांगितलंय मला. आन् दादाचा शबूद हाय माज्यापशी. ह्याच पंचमीला माहेरी आलते तवा म्हनला, वत्सले, औंदा जावयाला धाड, लागंल तेवढी काडी ने."

नाना, मी तिथे उभी होते आणि मनात महिने मोजत होते. निकाल मी चैत्रात सांगितला. पंचमी श्रावणात.

बॅग मी समजून घेतली असती. हौस, बाजार, कंपन्यांवरचा राग, सगळं. पण निकाल कळल्यावर, तेल्याची बाग पेटवलेल्या हातांनी, तुम्ही सख्ख्या बहिणीला तोच रोग द्यायचं कबूल केलंत. मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. पंचमीला माहेरी आलेली बहीण काही मागते, आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणण्यासाठी कारण द्यावं लागलं असतं. कारण दिलं असतं तर बॅग उघडावी लागली असती. तुमच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. तुमचा सगळा मोठेपणा त्या एका न निघालेल्या शब्दावर उभा होता, असं मला आता वाटतं. समजतं मला. क्षमा मात्र अजून जमत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "पर ही बिमारी आली कुठनं?"

हा प्रश्न मला टाळता आला असता. नर्सरीचं नाव तयार होतं. तुम्हीच ते मला पुरवलं होतं. पण कुठून आली हे न सांगता ‘काढून टाका’ म्हटलं तर कुणीही काढणार नव्हतं. नानांची काडी म्हणजे देवाचा प्रसाद. प्रसादाला कोण तपासतं?

"नानांनी आणली," मी म्हटलं. "परदेशातून, बॅगेत लपवून, परवान्याशिवाय."

आत्या उभ्या राहिल्या. "तेराव्याचं खरकटं अजून वाळलं न्हाय, आन् चुलत्याला चोर म्हनतीस? ज्येनं तुला सायबीण केली त्येला?"

"हो, आत्या. त्यांनीच केली."

"जळ्ळं तुजं शिक्षान!"

तेव्हा दत्ताभाऊ उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. "आक्का, पोरीला बोलू नगा. ती खरं सांगतीया. माज्या बी काड्या त्याच बॅगंत हुत्या. आन् तिला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं. आमीच आजवर सांगत आलो, तिच्यामुळं आल्या म्हनून." ते खाली बसले आणि मग, जणू हे राहून गेलं म्हणून, पुन्हा म्हणाले, "माजी बाग पयली बगा."

माणसं उठली. मी फाटकाशी गेले आणि चुन्याचं पोतं चौकटीत रिकामं केलं. आजवर आपण आत येणाऱ्याचे पाय बुडवून घेतले. त्या दिवशी मी बाहेर जाणाऱ्यांना थांबवलं. बागेतून फिरून आलेल्यांना कपडे झटकायला लावले, कारण पिठ्या ढेकणाची पिल्लं कपड्यांवरून प्रवास करतात. दत्ताभाऊंनी पाय बुडवला आणि पुटपुटले, "नाना असते तर हसले असते का रडले असते, कुनाला ठावं." आत्यांनी मात्र पाय बुडवला नाही. उंबरा ओलांडावा तसा त्यांनी चुना ओलांडला आणि गाडीत बसल्या. जावयांनी गोणपाटं फाटकापाशीच ठेवली. परवा त्यांचा फोन आला होता, हळू आवाजात: "ताई, बाग बगायला कवा येता? आत्याबाईंना सांगू नगा."

सगळे गेल्यावर मी काकूंजवळ बसले. कात्री अजून त्यांच्या हातातच होती. मला वाटलं, आता आत्यांनी अर्धं सोडलेलं त्या पुरं करतील.

"टावेल म्याच धुतला," काकू म्हणाल्या. "मातीचा वास येत हुता त्येला. आपल्या मातीचा न्हाय. म्या इचारलं न्हाय, त्येंनी सांगितलं न्हाय. आमचं तसंच चालायचं." मग कात्री माझ्यापुढे ठेवत, "किती काढाया लागंल?"

"लाल तुकडा सगळा. शेजारच्या ओळी तपासून ठरवू."

"मंग फाटकापासनं सुरू कर. त्येंनी तिथनंच लावायला घेतली हुती."

मला तुमच्याविषयी काय वाटतं, हे एका वाक्यात मांडण्याचा मी प्रयत्न केला, जमत नाही. तुम्ही मला विचार करायला शिकवलंत आणि मग तो विचार तुमच्यापर्यंत पोचू नये याची व्यवस्था केलीत. विमानतळाबाहेर तुम्ही फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की पोरी, बॅगेत काड्या आहेत. मी तुम्हाला तिथेच अडवलं असतं. तुम्ही चार लोकांत माझ्यावर ओरडला असता. कदाचित वर्षभर बोलला नसता. आणि मग एखाद्या सुटीत जेवताना तुम्हीच विषय काढला असता की तुमचं खातं म्हंजे शिरमंतांचं फाटक. मी त्या भांडणासाठीच तर इतकी शिकले होते, नाना. तुम्ही मला खोटं सांगून त्या भांडणातून बाहेर ठेवलंत. बॅगेपेक्षा मला तेच जास्त लागलंय.

काल सकाळी आम्ही सुरुवात केली. वेल उपटण्याआधी तिची तारेवरची फांदी-फांदी सोडवावी लागते, नाहीतर सगळा मांडव ओढला जातो. फाटकाजवळच्या पहिल्या वेलीच्या काड्या मी कापल्या. दुसऱ्या वेलीकडे वळण्याआधी माझा हात आपोआप बादलीकडे गेला आणि मी कात्री औषधात बुडवली.

काकू पाहत होत्या. "समदीच उपटायची हाय ना? मंग कात्री कशाला धुतीस?"

त्यांचं बरोबर होतं. हा विषाणू कात्रीने पसरत नाही, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक आहे. कात्री धुण्याचा नियम तेल्याच्या वेळचा, त्या जळालेल्या डाळिंबांचा.

"नानांनी शिकवलंय," मी म्हटलं, आणि पुढच्या वेलीला कात्री लावली.